गुहेतले चित्र आणि गुहेतला नाद

माणूस आधी बोलायला शिकला की आधी गुणगुणायला? आधी त्याने भिंतीवर रेघ ओढली की आधी दगडावर दगड आपटून ताल धरला? प्रश्न लहान मुलाच्या तोंडचा वाटतो. पण जगातले मोठमोठे संशोधक गेली कित्येक वर्षे याच प्रश्नाचा माग काढीत आहेत. डोंगरातल्या गुहा, त्यांतली हजारो वर्षांपूर्वीची चित्रे आणि त्या काळची गाणी-वाद्ये यांचे काही नाते आहे काय, हे ते तपासून पाहत आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, तुम्ही म्हणाल, आमच्या यवतमाळच्या कापूस वेचणाऱ्या, गिरणीत राबणाऱ्या, विटाभट्टीवर घाम गाळणाऱ्या माणसाला या गोष्टीचे काय? तर ऐका. चित्रकला आणि संगीत ही मोठ्या घरच्यांची, पोथ्या जाणणाऱ्यांची, बसून खाणाऱ्यांची मिरास, असे आपल्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या बिंबवले गेले. गुहेतली चित्रे याच्या अगदी उलट साक्ष देतात. ज्या माणसांनी ती काढली त्यांच्याकडे ना राजवाडा होता, ना पोथी, ना जात. होते ते दोन हात, एक गळा आणि शिकारीने, कंदमुळे खणण्याने थकलेले शरीर. एवढ्या भांडवलावर त्यांनी जगातली पहिली चित्रे रंगवली आणि पहिले सूर काढले. म्हणून हा विषय आपल्याही घरातला आहे.

आपल्या जवळच्या चित्रगुहा

यवतमाळहून अमरावती नव्वद-एक किलोमीटर. तिथून वर मोर्शीकडे गेले की सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगा सुरू होतात. मोर्शी तालुक्याच्या बाजूला धारूळ नावाचे गाव आहे. या गावाच्या उत्तरेला, मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत, अंबादेवी परिसराच्या गुहा आहेत. २७ जानेवारी २००७ रोजी डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे प्राचीन चित्रांनी भरलेल्या कपारी दिसल्या. पद्माकर लाड, प्रदीप हिरूरकर, शिरीषकुमार पाटील, ज्ञानेश्वर दमाहे आणि मनोहर खोडे अशी या सहकाऱ्यांची नावे. पुढच्या पाच वर्षांत पायपीट करून त्यांनी शंभराहून अधिक शैलगृहे नोंदवली. आजूबाजूच्या गुराख्यांना या कपारी ठाऊक असतीलच. पण त्यांचे मोल जगाला कळले ते या पायपिटीमुळे. तिथे रंगवलेली चित्रे आहेत, तशीच दगडात कोरलेलीही आहेत. प्राणी आहेत, माणसे आहेत, खुणा आहेत. त्या परिसरात माणसाचा वावर सुमारे २५,००० वर्षांपासून असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मग अशा गुहा सातपुड्यात का आणि यवतमाळच्या बहुतेक डोंगरांत का दिसत नाहीत? याचे उत्तर दगडात आहे. आपल्या जिल्ह्याचा पुष्कळसा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या बेसाल्टचा. सातपुड्यात आणि विंध्यात ठिकठिकाणी वालुकाश्म आहे. वारा-पावसाने तो खालून झिजतो आणि वर छज्जा राहतो. त्या छज्जाखाली ऊन-पाऊस लागत नाही. माणसाला आसरा मिळाला आणि त्याच्या चित्रालाही.

रंग कुठला? तर आपल्या बायाबापड्या घराच्या भिंतीला लावतात तोच गेरू. त्यात लोखंडाचा अंश असतो आणि तो सहसा उडत नाही. पांढऱ्यासाठी चुनखडी किंवा पांढरी माती. दगडाच्या बारीक छिद्रांत रंग मुरला की हजारो वर्षे तो तिथेच राहतो. आपल्या मराठी मुलखातही माणसाची ही कलावृत्ती जुनी आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे डॉ. सा. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव तुकडा आणि मणी मिळाले. त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे धरले जाते. कोकणात रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जमिनीतल्या कातळावर कोरलेली मोठमोठी शिल्पे आहेत. ही कातळशिल्पे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली.

चित्रातले नाचणारे

आता संगीताकडे वळू. भोपाळच्या दक्षिणेला भीमबेटका आहे. १९५७ मध्ये डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांना आगगाडीतून जाताना तिथले खडक दिसले आणि ते उतरून शोध घेत गेले. आज तिथे ७०० च्या वर शैलगृहे मोजली गेली आहेत आणि २००३ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या चित्रांत हरणे, गवे, रानडुकरे आहेत, शिकार आहे. आणि हातात हात घालून रांगेने नाचणारी माणसेही आहेत. पुढच्या काळातल्या चित्रांत गळ्यात ढोलासारखे वाद्य अडकवलेली माणसे दिसतात. सातपुड्यातच पचमढीच्या गुहांत धनुष्याच्या आकाराचे तंतुवाद्य वाजवणाऱ्या माणसांची चित्रे आहेत.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एकाच भिंतीवर वेगवेगळ्या काळच्या माणसांनी चित्रे काढली आहेत. कुठे आधीच्या चित्रावर नंतरचे चित्र आहे. म्हणून भीमबेटक्याचे सगळेच चित्र लाख वर्षांचे आहे असे कोणी सांगितले तर मान डोलावू नये. ओळीने नाचणाऱ्यांची पुष्कळ चित्रे मध्याश्मयुगातली, म्हणजे शेती येण्याच्या आधीची आहेत. घोडेस्वार आणि ढाल-तलवारवाले त्याहून किती तरी अलीकडचे आहेत.

तरीही चित्रांचे मोल थोडे कमी होत नाही. जरा विचार करा. ढोल कशाचा होतो? लाकडाचा आणि चामड्याचा. पावा कशाचा? बांबूचा. तंतुवाद्य? लाकूड, भोपळा आणि तात. आपल्या पावसाळी मुलखात यातले काय टिकणार? वाळवी खाते, ओल कुजवते. वाद्य मातीला मिळते, वाजवणारा मातीला मिळतो, सूर तर हवेतच विरतो. मागे उरते ते गेरूचे चित्र. म्हणून आपल्या देशात त्या काळच्या संगीताचा पहिला साक्षीदार चित्रकार आहे. त्याने भिंतीवर नाच रंगवला नसता, तर त्या काळी ताल धरला जात होता हे आपण कशावरून म्हटले असते?

हाडाची बासरी आणि रंगवलेला शंख

युरोपातल्या थंड, कोरड्या गुहांत मात्र काही वाद्येच सापडली. जर्मनीत होहले फेल्स नावाची गुहा आहे. २००८ मध्ये निकोलस कोनार्ड यांच्या पथकाला तिथे गिधाडाच्या पंखातल्या हाडाची बासरी मिळाली. बारा तुकडे झाले होते. जोडल्यावर ती जवळजवळ २२ सेंटिमीटर भरली. जाडीने ती आपल्या करंगळीहूनही बारीक आणि तिला बोटांसाठी पाच भोके. वय किमान ३५,००० वर्षे. गिधाडाचे हाड मुळात पोकळ असते, हे त्या माणसाने हेरले. भोके कुठे पाडावीत हेही मोजले. कारण भोकाच्या शेजारी त्याने बारीक रेघांच्या खुणा केल्या आहेत. त्याच गुहेत, बासरीपासून हाताच्या अंतरावर, मॅमथ नावाच्या प्राचीन हत्तीच्या सुळ्यातून कोरलेली स्त्रीची छोटी मूर्तीही मिळाली. मूर्ती घडवणारे आणि बासरी वाजवणारे एकाच चुलीभोवती बसणारे लोक होते, असे म्हणायला हा चांगला आधार आहे.

याहून बोलका पुरावा फ्रान्समधला आहे. तिथल्या मार्सुलास गुहेत १९३१ मध्ये एक मोठा शंख सापडला. संशोधकांनी तो पाणी पिण्याचे पात्र समजून संग्रहालयात ठेवून दिला. तब्बल नव्वद वर्षे तो तसाच पडून होता. २०२१ मध्ये नव्या यंत्रांनी तो तपासला तेव्हा कळले की, शंखाचे टोक अपघाताने तुटलेले नाही, मुद्दाम तोडलेले आहे. आत नळी बसवता यावी म्हणून भोकही पाडलेले आहे. आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शंखाच्या आतल्या कडेला लाल गेरूचे ठिपके आहेत. अगदी तसेच ठिपके त्या गुहेच्या भिंतीवर आहेत. तिथे ठिपक्याठिपक्यांनी मोठा गवा रंगवला आहे. एका वादकाने तो शंख जपून फुंकला, तेव्हा तीन वेगळे सूर निघाले. शंखाचे वय सुमारे १८,००० वर्षे. वाद्यावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग एकाच तऱ्हेचा असावा, याहून चित्र आणि संगीताच्या नात्याचा जवळचा पुरावा अजून फारसा हाती आलेला नाही.

जिथे घुमते तिथे रंगवावे?

आता मुलांना घेऊन घरी एक प्रयोग करा. रिकाम्या रांजणात किंवा मोठ्या माठात तोंड घालून हळू आवाजात "ऊ" म्हणा. आवाज खाली-वर करीत जा. एका ठरावीक उंचीला रांजण एकदम भरून बोलू लागेल. काठाला हात लावलात तर थरथरही जाणवेल. विहिरीत डोकावून हाक मारली की असेच होते. कारण प्रत्येक पोकळीला स्वतःचा एक सूर असतो. आपला सूर तिच्या सुराशी जुळला की ती त्याला उचलून धरते. लहान पोकळीचा सूर उंच, मोठ्या पोकळीचा खालचा. गुहा म्हणजे तरी काय, डोंगराचा रांजणच!

फ्रान्समध्ये इगोर रेझनिकॉफ नावाचे संगीताचे अभ्यासक होते. त्यांनी आणि मिशेल दोव्हुआ यांनी १९८० नंतरच्या काळात निओ, फोंतॅने आणि ल पोर्तेल या गुहांत हाच रांजणाचा प्रयोग केला. अंधारात चालायचे, गुणगुणायचे आणि कुठे घुमते ते टिपायचे. मग त्यांनी घुमणाऱ्या जागा आणि चित्रांच्या जागा ताडून पाहिल्या. जिथे आवाज जास्त घुमतो तिथे किंवा त्याच्या हातभर अंतरात पुष्कळशी चित्रे आहेत, असे त्यांना दिसले. काही अरुंद बोळांत, जिथे चित्र काढायला जागा नाही, तिथे नुसताच लाल ठिपका होता आणि त्या ठिपक्यापाशी गुहा घुमत होती.

यावरून एक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हातात चरबीचा मिणमिणता दिवा आहे, चार पावलांपुढचे दिसत नाही. माणूस हाक देतो आणि गुहेच्या उत्तरावरून वाट काढतो. जिथे गुहा भरभरून उत्तर देते तिथे तो थांबतो आणि भिंतीवर गवा रंगवतो. मग सगळे मिळून तिथेच गात असतील.

हे वाचायला सुंदर आहे, पण सुंदर आहे म्हणून खरे मानायचे असे नाही. तपासून घ्यावे, मग मानावे, हीच आपली रीत. तसे तपासायला ब्रिटनचे काही अभ्यासक स्पेनच्या उत्तरेकडच्या पाच गुहांत यंत्रे घेऊन गेले. त्यांनी शेकडो जागी आवाज मोजला. २०१७ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला तो असा, की चित्रांचा आणि घुमण्याचा थोडासा संबंध दिसतो, विशेषतः जुन्या ठिपक्यांचा आणि रेघांचा. पण तो फार भक्कम नाही. शिवाय एक साधी अडचणही आहे. गुळगुळीत, कठीण भिंतीवर आवाज चांगला उमटतो आणि रंगही चांगला बसतो. तेव्हा चित्रकाराने जागा कानाने निवडली की हाताने, हे कसे ठरवणार? एवढे मात्र नक्की की गुहेत काढलेला आवाज बाहेरच्या आवाजासारखा नसतो आणि तिथे जगणाऱ्याला ते कळल्यावाचून राहिले नसेल.

वाजणारे दगड

आपल्या देशात या नात्याचा एक उत्तम नमुना कर्नाटकात बळ्ळारीजवळ आहे. संगनकल्लू-कुपगल येथे हिरेगुड्डा नावाची टेकडी आहे. टेकडीवर काळ्या डोलेराइट दगडाचे धोंडे पसरले आहेत. त्यांवर बैलांची, माणसांची शेकडो चित्रे टोचून कोरलेली आहेत. नवाश्मयुगातले, गुरे पाळणारे लोक इथे राहत होते. या धोंड्यांपैकी काहींवर वाटीसारखे गुळगुळीत खळगे पडले आहेत. त्या खळग्यात दुसऱ्या दगडाने ठोकले की धोंडा घंटेसारखा वाजतो! १८९२ मध्ये एका इंग्रज माणसाने याबद्दल लिहिले होते. पुढे लोक विसरले. २००४ मध्ये निकोल बोइव्हिन या अभ्यासक बाईंनी ते पुन्हा जगापुढे आणले. बैल कोरताना दगडावर टोचे मारले जात, तेव्हाही तो वाजत असणारच. म्हणजे इथे चित्र काढणे आणि नाद काढणे ही एकाच हाताची, एकाच वेळची कामे होती.

दुःखाची गोष्ट अशी की या टेकडीवर दगडखाणींचा घाला पडला. सुरुंगाने फुटलेला धोंडा गिट्टी होऊन रस्त्यावर पडतो, त्याच्याबरोबर चित्र जाते आणि सूरही जातो. खाणीत राबणारा मजूर आपल्यासारखाच पोटासाठी राबतो. त्याला दोष देऊन चालणार नाही. कुठे खणायचे आणि कुठे नाही, हे ठरवणाऱ्यांनी आधी नीट पाहायला हवे.

धनुष्यापासून वीणेपर्यंत

पचमढीच्या चित्रातल्या धनुष्यासारख्या वाद्याकडे पुन्हा येऊ. धनुष्याची दोरी सोडली की ती टण्णकन वाजते. दोरीजवळ भोपळा किंवा पोकळ लाकूड धरले की तो आवाज मोठा होतो. एकाऐवजी लहानमोठ्या पाच-सात दोऱ्या बांधल्या की सूर बदलतात. हीच आपल्या देशातली जुनी वीणा. आज आपण वीणा म्हणतो ती लांब दांड्याची असते. पण प्राचीन वीणा धनुष्यासारखी वाकलेली होती. सांची, भारहूत, अमरावती (आंध्रातील) येथील शिल्पांत ती स्पष्ट दिसते.

दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात गुहा आणि संगीत यांची एक हृद्य गाठ पडते. राजगृहाजवळ इंदसाल गुहेत भगवान बुद्ध ध्यानस्थ बसले होते. शक्राला त्यांना प्रश्न विचारायचे होते, पण एकदम जाण्याचा धीर होईना. त्याने पंचशिख नावाच्या गंधर्वाला पुढे पाठवले. पंचशिखाने बेलाच्या लाकडाची पिवळसर वीणा छेडून गाणे म्हटले. ते ऐकून बुद्धांनी त्याच्या वादनाची तारीफ केली, तारेचा सूर गाण्यावर मात करीत नाही आणि गाणे तारेवर मात करीत नाही म्हणून! संगीत कसे ऐकावे, याचा यात धडा आहे. सोण नावाच्या भिक्खूला वीणेच्या तारेचेच उदाहरण देऊन मध्यम मार्ग समजावला तो प्रसंग तर आपल्या घराघरांत सांगितला जातो.

पुढे माणसांनीच डोंगर कोरून गुहा केल्या, त्यांतही संगीत आले. पुणे जिल्ह्यात भाजे येथे इसवी सनापूर्वीच्या लेण्यात नाचणारी स्त्री आणि वाद्य वाजवणारी स्त्री कोरलेली आहे. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सातव्या क्रमांकाच्या लेण्यात मधोमध नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये घेतलेल्या स्त्रिया आहेत. काळ साधारण सहावे शतक. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात रंगांनी रंगवलेला नाच-गाण्याचा मेळा आहे. हे प्रागैतिहासिक नव्हे, पण गुहेच्या भिंतीवर संगीत उतरवण्याची सातपुड्यातली जुनी रीत इथेही चालू राहिलेली दिसते. या भिंतींवरच्या वादकांत बायका किती आहेत, हेही आपल्या मुलींना जरूर दाखवा.

धनुष्याकृती वीणा भारतातून हळूहळू नाहीशी झाली. ती धर्माबरोबर म्यानमारला गेली आणि तिथे साउंग या नावाने आजही मानाने वाजवली जाते. मग आपल्याकडे ती अगदीच मेली काय? नाही. अमेरिकन अभ्यासक रॉडरिक नाईट यांनी १९८५ मध्ये जगाला सांगितले की, मध्य प्रदेशात मंडला भागातल्या परधान लोकांकडे धनुष्याकृती वीणा अजून आहे. तिचे नाव बिनबाजा. दरबारातून गेली, देवळातून गेली, पंडितांच्या पोथीतून गेली, ती वीणा एका गरीब, भटक्या गायकाच्या खांद्यावर जिवंत राहिली.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट

परधान आपल्याला परके नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम आणि परधान पिढ्यान्‌पिढ्या राहतात. परधान म्हणजे गोंडांचे गायक, त्यांच्या कुळांच्या कथा तोंडपाठ सांगणारे. त्यांची किंगरी, गजाने वाजवायची, कित्येक वाचकांनी ऐकली असेल. केळापूर, झरी, मारेगावकडे दिवाळीच्या दिवसांत दंडार निघते. मोरपिसांचा टोप, ढोलाचा ठेका आणि फेर धरणारी माणसे पाहिली की भीमबेटक्याची नाचणारी रांग आठवते.

पण इथे एक चूक टाळावी. दंडार नाचणारा कोलाम म्हणजे अश्मयुगातून उरलेला माणूस, असे काही शहाणे लोक लिहितात. हे साफ खोटे आणि अपमानाचे आहे. कोलाम बांधव आपल्याइतकेच आजचे नागरिक आहेत. त्यांना शाळा, दवाखाना, जमिनीचा पट्टा हवा आहे. त्यांच्या पूर्वजांना जितकी वर्षे झाली तितकीच तुमच्या-आमच्या पूर्वजांना झाली. गुहेत चित्रे काढणारी माणसे कोण्या एका जमातीची नाहीत, ती आपणा सर्वांची वाडवडील आहेत. ठाणे-पालघरच्या वारली बायका लग्नात भिंतीवर चौक लिहितात तेव्हा धवलेरी गाणे म्हणते. गाण्याशिवाय चित्र पुरे होत नाही. ही आज जिवंत असलेली रीत आहे. चित्र आणि गाणे एकत्र कसे नांदू शकतात एवढेच ती दाखवते.

आपल्या जिल्ह्याच्या मातीतही जुने पुष्कळ आहे. बाभुळगाव तालुक्यात पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी २०२३-२४ मध्ये उत्खनन केले. तिथे सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या, लोहयुगातल्या वस्तीचा पुरावा मिळाला. गोल घर, चुनखडीची जमीन, लाकडी खांबांच्या खुणा. ज्या टेकाडावर आपण गुरे चारतो त्याच्या पोटात असे एखादे गाव झोपलेले असते.

सक्ती वेगळी, कला वेगळी

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. गावकीच्या सक्तीने वाजवावे लागणारे डफडे आपल्या आजोबा-पणजोबांनी खाली ठेवले. ते योग्यच केले. सांगतील तेव्हा, सांगतील तिथे, उष्ट्या भाकरीवर वाजवायचे हे कलेचे जिणे नव्हते, गुलामीचे होते. पण त्या रागात वाद्यालाच हलके समजण्याची सवय काही घरांत लागली. पोरगा ढोलकीवर हात मारू लागला की, "शिकलेल्याला हे शोभते का?" असे आई-बाप म्हणतात. तिकडे तोच ताल शहराच्या रंगमंचावर गेला की तिकीट लावून ऐकला जातो.

आपल्या चळवळीनेच याचे उत्तर दिलेले आहे. ढोलकी, खंजिरी आणि पेटी घेऊन जलसेवाल्यांनी गावोगाव जागृती केली. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या कवी-गायकाने आयुष्य त्यात घालवले. वाद्य तेच, कातडे तेच. पण वाजवणारा आपल्या मर्जीने, आपल्या माणसांसाठी, ताठ मानेने वाजवू लागला. गुहेतल्या माणसालाही वाजव म्हणून कोणी हुकूम केला नव्हता. तेव्हा मुलाने इंजिनिअर व्हावे आणि ढोलकीही वाजवावी. दोन्हींत कमीपणा नाही.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, अशा गुहा पाहायला जरूर जा. अजिंठ्याला सहल नेतो तशी भीमबेटक्यालाही न्यावी. सातपुड्यातल्या कपारींना जायचे तर स्थानिक जाणकार आणि वनखात्याची परवानगी घेऊनच जावे. ते जंगल आहे, तिथे जनावर असते.

दुसरी गोष्ट, चित्राला हात लावू नये. हाताचा घाम आणि तेल रंगाला मारक असते. फोटो उठून दिसावा म्हणून चित्रावर पाणी शिंपडण्याची वाईट खोड काही लोकांना आहे. पाण्याबरोबर क्षार येतात आणि चित्रावर पांढरा थर धरतो. खाली शेकोटी पेटवू नये. कोळशाने किंवा खडूने नाव लिहू नये, सेंदूर फासू नये. हजारो वर्षे टिकलेले चित्र एका दुपारी नासते. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

तिसरी गोष्ट, शेतात, विहीर खणताना किंवा टेकाडावर कोरीव दगड, जुनी खापरे, मणी सापडले तर ते व्यापाऱ्याला विकू नका आणि घरी पुरून ठेवू नका. जिथे सापडले ती जागा तशीच ठेवून तहसील कचेरीला कळवा. वस्तूइतकीच तिची जागाही बोलत असते. मार्सुलासच्या शंखाजवळ ती रंगवलेली भिंत नसती तर त्या ठिपक्यांचा अर्थ कोणाला लागला असता?

आणि चौथी गोष्ट सर्वात सोपी. आपल्या घरात, शेजारात, पोडावर कोणी म्हातारा किंगरी वाजवत असेल, कोणी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल, तर आज संध्याकाळीच तिच्यापाशी जाऊन बसा. हातातल्या मोबाईलवर ते ध्वनिमुद्रित करून घ्या. नाव, गाव, वाद्य कशाचे केले, गाणे कोणाकडून शिकले, हे सगळे विचारून वहीत लिहा. आधी त्यांची परवानगी घ्या आणि नंतर त्यांचे त्यांना ऐकवा. गुहेतल्या चित्रकाराने नाच रंगवून ठेवला, पण गाणे त्याला भिंतीवर ठेवता आले नाही. आपल्याला ते ठेवता येते. ही संधी दवडू नये.